अंतिम फेरी ओळखीच्या मतांवर ठरू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी मंडळींच्या ऑनलाइन गीतस्पर्धेची बातमी आपल्या अंकात वाचली. ‘पात्रतेच्या नियमांवरून सभासदांत मतभेद आहेत’ एवढं एकच वाक्य त्या वादाबद्दल होतं. मी इंदूरच्या सुदामा नगरात पेटी आणि सुगम गायन शिकवते, आणि या स्पर्धेचा गुणतक्ता भरायचं काम माझ्याकडे आहे. त्यामुळे मतभेद नेमके कशावरून आहेत ते जवळून पाहिलं आहे. स्पर्धेत आपले बरेच वाचक आहेत, म्हणून हे पत्र.

स्पर्धेची रीत सोपी आहे. प्रत्येक सभासद एक मराठी गाणं पाठवतो, स्वतः गायलेलं किंवा घरात कुणी गायलेलं. दोन उपांत्य फेऱ्या होतात. प्रत्येकीतून पाच गाणी अंतिम फेरीत जातात. हा साचा युरोपातल्या युरोव्हिजन या गीतस्पर्धेवरून घेतला आहे. ती १९५६ पासून चालू आहे आणि तिथे देश एकमेकांच्या गाण्यांना गुण देतात. आपण साचा घेतला, पण त्यातला सगळ्यात शहाणपणाचा भाग गाळला. तिथे १९७५ पासून प्रत्येक देश दहा गाण्यांची क्रमवार यादी देतो: पहिल्याला १२, दुसऱ्याला १०, मग ८, ७, ६ असं खाली १ पर्यंत. स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. आपल्याकडे मात्र गेल्या वर्षी एक फोन, एक मत अशी सोय केली. लोकांना सोपं जावं हाच हेतू होता, यात शंका नाही.

त्याचं काय झालं ते एका गाण्यावरून सांगते. बऱ्हाणपूरच्या एका काकूंनी त्यांच्या आजेसासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या पाठवल्या होत्या. जुन्या कॅसेटवरून उतरवलेल्या. मागे जात्याची घरघर, मध्ये कुठेतरी कोंबडा आरवतो. तिसऱ्या ओवीला बाईंचा आवाज चिरकतो, त्या क्षणभर थांबतात, जातं तेवढं फिरत राहतं, आणि पुढच्या फेऱ्याला त्या बरोबर स्वरावर परत येतात. मी हे माझ्या विद्यार्थिनींना ऐकवलं. ताल अंगात असणं म्हणजे काय, ते याहून चांगलं मला शिकवता आलं नसतं.

ओव्या उपांत्य फेरीतच गळाल्या. निकालानंतर मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांतल्या बहुतेकांनी त्या चौथ्या-पाचव्या क्रमांकावर ठेवल्या असत्या. पण एकच मत द्यायचं म्हटल्यावर चौथ्या क्रमांकाला काय मिळणार? त्याच फेरीत एका मोठ्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप फिरला होता: ‘आपल्या ताईच्या गाण्याला मत द्या, गाणं सावकाश ऐका.’ ताईंचं गाणं वाईट नव्हतं आणि त्यात त्यांचा दोषही नाही. नियमानेच लोकांना तसं करायला लावलं.

आता हिशेब पाहा. समजा फेरीत तीस जणांनी मतं दिली. एका गाण्याला आठ घरच्या माणसांनी पहिला क्रमांक दिला, बाकी कुणी यादीत घेतलं नाही. एक फोन, एक मत या पद्धतीत त्याला आठ मतं पडतात आणि ते आरामात वर जातं. क्रमवार यादीत त्याचे होतात ९६ गुण. दुसऱ्या गाण्याला पहिला क्रमांक कुणीच दिला नाही, पण वीस जणांनी चौथा किंवा पाचवा दिला. एकेका मताच्या हिशेबात त्याला शून्य, यादीच्या हिशेबात १२० ते १४०. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की अंतिम फेरीत कोण जाणार हे सगळी गाणी ऐकून दिलेल्या पूर्ण यादीवरून ठरावं. दहा नावं क्रमाने लिहायची म्हटली की घरचं गाणं एकच असतं, उरलेली नऊ ऐकावीच लागतात.

यंदा संयोजकांनी आणखी एक प्रस्ताव मांडला आहे. वडोदरा आणि इंदूर धरून तीन मोठ्या गटांना उपांत्य फेरी माफ, त्यांचं एकेक गाणं थेट अंतिम फेरीत. कारण खर्चाचा मोठा वाटा हे तीन गट उचलतात. मी इंदूरची आहे, म्हणजे या नियमाचा फायदा आमच्याच गटाला होणार, तरीही माझा याला विरोध आहे.

पैशाचा मुद्दा खोटा नाही. युरोव्हिजनमध्येही तो आला होता. १९९६ साली ध्वनिफिती ऐकून प्राथमिक निवड झाली आणि तीत जर्मनीच गळाला. मोठी वर्गणी देणारा देशच बाहेर, म्हणून धावपळ झाली, आणि २००० पासून जर्मनी, फ्रान्स, स्पेन, ब्रिटन या चौघांना कायमचा थेट प्रवेश मिळाला. २०११ मध्ये इटली परतली आणि चाराचे पाच झाले. २०२१ च्या अंतिम फेरीत काय दिसलं? तळाचे चारही देश थेट प्रवेशवाले होते: यजमान म्हणून थेट आलेला नेदरलँड्स ११ गुण, स्पेन ६, जर्मनी ३, ब्रिटन ०. आणि त्याच वर्षी इटली पहिली, फ्रान्स दुसरा. म्हणजे थेट प्रवेशाचा गाण्याच्या बऱ्यावाईटाशी काहीच संबंध नसतो, दोन्ही टोकांना तीच मंडळी सापडतात. इटलीचं गाणं उपांत्य फेरीतूनही वर आलंच असतं असं मला वाटतं. या माफीमुळे ज्यांच्या जागा गेल्या, ती कुठल्या तरी लहान देशांची गाणी होती.

आपल्याकडे लहान देश म्हणजे बऱ्हाणपूर, सागर, खंडवा, देवास. देवासचं नाव लिहिताना हात थांबतो. कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाने आजारी होऊन तिथे आले आणि अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातली लोकगीतं ऐकत राहिले. पुढे तीच त्यांनी मैफिलीत मांडली. त्या गीतांमागे मतं गोळा करणारं कुणी नव्हतं, ऐकणारा एक कान होता. अशा मुलखातल्या स्पर्धेत गाण्याची जागा वर्गणीवर ठरावी, हे मला सहन होत नाही. खर्च उचलणाऱ्या गटांचे आभार जाहीर मानावेत, कार्यक्रमात त्यांचं नाव पहिलं घ्यावं. थेट प्रवेश द्यायचाच तर फक्त गेल्या वर्षीच्या विजेत्याला द्यावा.

काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात, मतं-बितं सोडा, तीन जाणकार परीक्षक नेमा. त्यांचा राग मला समजतो. पण परीक्षक थोडे असले की संगनमत सोपं होतं. २०२२ मध्ये युरोव्हिजनच्या दुसऱ्या उपांत्य फेरीत सहा देशांच्या परीक्षकमंडळांच्या मतांत संशयास्पद साम्य सापडलं आणि त्यांची मतं रद्द करावी लागली. २०२३ पासून तिथल्या उपांत्य फेऱ्या फक्त प्रेक्षकांच्या मतांवर झाल्या. मग प्रेक्षकांच्या मतांच्या मोहिमांवरून ओरड झाली, आणि २०२६ साठी परीक्षक पुन्हा उपांत्य फेरीत आणले, शिवाय पैसे भरायच्या एका मार्गाने देता येणाऱ्या मतांची मर्यादा २० वरून १० केली. इतकी जुनी स्पर्धा अजून नियम दुरुस्त करते आहे, तर आपण दुसऱ्याच वर्षी करायला लाजू नये. मला विचाराल तर निम्मे गुण सभासदांच्या यादीचे आणि निम्मे वेगवेगळ्या गावच्या निदान सात परीक्षकांच्या यादीचे असावेत.

यादी सक्तीची केली तरी पळवाट राहते, हेही सांगायला हवं. आमच्या गटात पूर्वी एकदा हौसेने यादीची पद्धत करून पाहिली होती. मुदत संपायच्या जरा आधी एक यादी आली. १२ गुण पत्रकातल्या पहिल्या गाण्याला, १० दुसऱ्याला, ८ तिसऱ्याला, असं थेट दहाव्यापर्यंत. गाणी ऐकलीच नव्हती. त्यावर उपाय आहे: प्रत्येक सभासदाला गाणी वेगवेगळ्या क्रमाने पाठवायची आणि निकालापर्यंत पाठवणाऱ्याचं नाव लपवायचं. यादी न देणाऱ्याचं स्वतःचं गाणं बाद व्हावं, हा नियम कडक आहे पण हवाच. आजारपण किंवा घरातलं कार्य असेल तर दुसऱ्याने यादी द्यायची मुभा ठेवावी.

समान गुण झाले तर काय, तेही आधीच लिहून ठेवा. १९६९ मध्ये स्पेन, ब्रिटन, नेदरलँड्स आणि फ्रान्स यांचे सारखेच १८ गुण झाले, तोडगा नियमात नव्हता, म्हणून चौघांनाही विजेते म्हणावं लागलं. १९९१ मध्ये स्वीडन आणि फ्रान्स १४६ वर अडकले तेव्हा नियम होता: १२ गुण किती वेळा मिळाले ते मोजा, तेही सारखे असतील तर १० मोजा. दहाच्या मोजणीत स्वीडन जिंकला आणि फ्रान्सला ते मान्य करावं लागलं. पाचव्या जागेसाठी बरोबरी झाली तर आपल्याकडे आज काहीच लिहिलेलं नाही. निकालाच्या रात्री फोनाफोनी करून ठरवलेलं कुणाला पटेल?

गट पाडतानाही चिठ्ठ्या नुसत्या एका भांड्यात टाकू नयेत. एकमेकांना नेहमी मत देणारी गावं आधी वेगळी करून मग दोन फेऱ्यांत विभागावीत. युरोव्हिजनमध्ये २००८ पासून दोन उपांत्य फेऱ्या आहेत आणि तिथे असंच करतात.

संयोजकांना माझी विनंती आहे की हे सगळं नोंदणी सुरू व्हायच्या आधी ठरवून छापील स्वरूपात सभासदांना द्यावं, आणि एकदा गाणी आल्यावर वर्षभर नियमाला हात लावू नये. निकालाबरोबर कुणी कोणाला किती गुण दिले तो पूर्ण तक्ताही जाहीर करावा. गेल्या वर्षीच्या फेऱ्या यादीच्या पद्धतीने झाल्या असत्या तर तक्ता कसा दिसला असता, याचा नमुना मी करून ठेवला आहे. सभासदांपैकी ज्यांना पाहायचा असेल त्यांनी गटावर मागावा, मी पाठवीन.

– एक सभासद, सुदामा नगर, इंदूर