एलपी मी स्वतः घेऊन येतेय

प्रिय बाळा,

काल तुझा फोन आला तेव्हा गॅसवर दूध होतं म्हणून नीट बोलले नाही, पण टर्नटेबल घेतलास हे ऐकून किती बरं वाटलं म्हणून सांगू. माझ्या एलपी रेकॉर्ड हव्यात म्हणालास, देईन की, पण कुरिअरवर माझा भरवसा नाही, मीच घेऊन येते. आणि त्या आल्या कुठून ते आधी वाच.

रिदम हाऊस आठवतं का तुला? मुंबईत काळ्या घोड्याला, जहांगीर आर्ट गॅलरीच्या समोर. १९४० च्या दशकापासूनचं रेकॉर्डचं दुकान, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीचं. मी १९८२ ला फोर्टात नोकरीला लागले, ऑफिसपासून दुकान पाच मिनिटांवर. तेव्हा आपलं घर दोन खोल्यांचं आणि माणसं आठ, लोकलमध्ये तर श्वास घ्यायला जागा नाही, ऑफिसात टेबलाला टेबल लागलेलं. दिवसभरात एकटी अशी मी कुठे नसायचेच. रिदम हाऊसमध्ये रेकॉर्ड ऐकायला छोट्या केबिन होत्या, काचेच्या दाराच्या. डबा दहा मिनिटांत उरकायचा आणि पळायचं. दार लावलं की बाहेरची गर्दी दिसायची पण आवाज नाही, आत फक्त किशोरीताई आमोणकरांचं गाणं.

त्यांची एक एलपी होती, एका बाजूला भूप राग आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री, ती मी घ्यायच्या आधी किती वेळा ऐकली असेल! एलपीची एक बाजू साधारण वीसएक मिनिटांची, म्हणजे एका लंच टाइमला एकच बाजू बसायची, सोमवारी भूप ऐकला तर बागेश्रीसाठी दुसऱ्या दिवशी परत जायचं. पगाराच्या मानाने रेकॉर्ड महाग होत्या रे, महिन्याला एक घेतली तरी खूप. पण काउंटरवरच्या काकांनी कधी "घेणार आहात का" असं विचारलं नाही. एकदा मला नाव आठवेना, नुसती चाल गुणगुणून दाखवली, तर त्यांनी मागे वळून बरोबर तीच रेकॉर्ड काढली, शोधावी पण लागली नाही त्यांना. आजही नवल वाटतं मला त्याचं.

नंतर कॅसेटी आल्या, मग सीडी. तू पाच वर्षांचा असताना तुला नेलं होतं, तिथले हेडफोन तुझ्या कानावर राहीनात म्हणून दोन्ही हातांनी धरून उभा होतास आणि निघायलाच तयार नव्हतास. पुढे तूच घरी एमपीथ्री आणायला लागलास, सगळं फुकट मिळायला लागलं, आणि मीही हळूहळू जायची बंद झाले. तुला दोष देत नाही, मला तरी कोणी अडवलं होतं? ऑफिस तिथेच होतं, दुकान तिथेच होतं. पायरसी आणि डाउनलोडमुळे धंदा बसला असं सगळे म्हणतात, खरंही आहे, पण तेव्हा दुकानावरून सरळ पुढे निघून जाणाऱ्यांत मीही होते हे मला फार लागतं.

फेब्रुवारी २०१६ च्या अखेरीला बंद झालं. शेवटच्या आठवड्यात गेले होते, तुला सांगितलं नव्हतं. ही गर्दी! लोक फोटो काढत होते, रॅक अर्धे रिकामे. मल्लिकार्जुन मन्सूरांची एक सीडी घेतली, घरातला प्लेअर कधीचा बिघडला होता तरी घेतली. पुढे ती जागा विकली गेली, मग कुठल्याशा प्रकरणात ईडीने जप्त केली वगैरे पेपरात यायचं, ते मी पूर्ण वाचायचे नाही.

असो. एकूण एकतीस एलपी आहेत. आडव्या एकावर एक रचायच्या नाहीत, वाकतात, पुस्तकांसारख्या उभ्या ठेव. हात कडेलाच लावायचा. भूपच्या बाजूला सुरुवातीलाच एक चरा आहे, तिथे खट् खट् होईल, सुई नवीन आहे म्हणून घाबरू नकोस, ते १९८५ पासूनचं आहे.

शुक्रवारची उद्यान एक्स्प्रेस पकडतेय कल्याणहून. स्टेशनवर आत प्लॅटफॉर्मवर ये, बाहेर थांबू नकोस, खोका जड आहे आणि हमालाच्या हातात मला द्यायचा नाहीये.

तुझी,
आई