तापलेल्या बोट इंजिनाची ताकद दुरुस्तीनंतरही परत न आल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
आउटबोर्ड इंजिन कंपनी

विषय : ओव्हरहीट झालेले २० एचपी इंजिन अर्धवट दुरुस्त करून परत दिल्याबद्दल व वॉरंटी नाकारल्याबद्दल.

महोदय,

करमाळा तालुक्यात उजनी धरणाच्या काठावर माझी बोट आहे. रोहित पक्षी बघायला येणाऱ्यांना पाण्यात फिरवून आणतो, हंगाम नसला की मासेमारी करतो. बोट मी स्वतः चालवतो आणि त्यावरच घर चालते. आपले फोर स्ट्रोक, दोन सिलिंडरचे इंजिन मी नवे घेतले असून ते अजून वॉरंटीत आहे. बिलाची प्रत सोबत जोडली आहे.

एप्रिल अखेरीस पर्यटक बोटीत असताना, काठापासून बरेच आत, इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली. पाठोपाठ रंग तापल्याचा वास आला आणि आरपीएम (इंजिनाचे फेरे) खाली बसले. मी लगेच इंजिन बंद केले. दुसऱ्या बोटीने आम्हाला ओढून काठाला आणले. या सगळ्यात ओव्हरहीटचा बझर एकदाही वाजला नाही. हे मी आपल्या सर्व्हिस सेंटरला पहिल्याच दिवशी सांगितले होते. जॉब कार्डवर त्याबद्दल एक अक्षर नाही.

सर्व्हिस सेंटरने इम्पेलर (गार करणारे पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी पात्यांचा चक्का) आणि थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाणी सोडणारी झडप) बदलला, धार जोरात पडते हे दाखवले आणि ‘इंजिन ओके’ लिहून मोकळे झाले. बोट पाण्यात घातली तर निम्म्या थ्रॉटलच्या पुढे इंजिन उचलतच नाही. रिकाम्या बोटीला कशीबशी ओढ मिळते, चार माणसे बसली की बोट पाण्यावर उठत नाही, नुसती नांगर धरल्यासारखी चालते. परत गेलो तर उत्तर मिळाले, “सेफ मोडमध्ये गेले असेल, चालवत राहा.” तापल्यावर इंजिन स्वतःच आपली ताकद कमी ठेवते तो सेफ मोड, इंजिन गार करून पुन्हा चालू केले की सुटायला हवा. माझे इंजिन रात्रभर उभे राहून सकाळी थंड सुरू केले तरी तसेच. मग सेंटरने दोष पेट्रोलवर ढकलला. मी वेगळ्या कॅनमधून ताजे पेट्रोल दिले, टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उघडा ठेवला, चालत्या इंजिनात पेट्रोलच्या नळीवरचा रबरी बल्ब दाबून पाहिला. काडीचा फरक नाही. बोट ढकलणाऱ्या पंख्याचे (प्रोपेलरचे) रबर घसरत असते तर आरपीएम वाढले असते आणि बोट जागेवर राहिली असती. इथे आरपीएमच वाढत नाहीत. एवढे आपल्या माणसाला कळू नये?

शेवटी सोलापुरातल्या एका जुन्या मेकॅनिकला दाखवले. वॉरंटीचे निमित्त मिळू नये म्हणून फक्त प्लग काढायला सांगितले, इंजिनाचे हेड (सिलिंडरवरचे झाकण) उघडू दिले नाही. खालच्या सिलिंडरचा प्लग तपकिरी होता, वरचा वाफेने धुतल्यासारखा पांढरा स्वच्छ. दोन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडे ठेवून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजले तर खाली १३० आणि वर ८५ पीएसआय आले. वरच्या सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजले, तरी काटा जेमतेम हलला. रिंगा अडकल्या असत्या तर ऑइल सोडल्यावर दाब वाढला असता. म्हणून हेड गॅस्केट (हेडखालचे, दाब आणि पाणी अडवणारे पॅकिंग) फुटले आहे किंवा तापून हेड वाकले आहे, असे त्याचे मत आहे, आणि आत शिरलेल्या पाण्याच्या वाफेने धुतल्यासारखा दिसणारा प्लग पाहता मलाही ते पटते. हे काम पंधरा मिनिटांचे होते. आपल्या सेंटरमध्ये कॉम्प्रेशन गेज नाही की लावायची इच्छा नाही?

ताप उतरला म्हणजे टायफॉइड बरा झाला असे कोणी म्हणत नाही. आपण तापण्याचे कारण काढले, तापल्यामुळे आत जे जळले ते तसेच ठेवून बिल फाडले. माझा सगळा आक्षेप इथेच आहे. त्यातही कारण तरी पूर्ण काढले का, याचीच शंका आहे. जुना इम्पेलर मी मागून घेतला, त्याची दोन पाती तुटून गायब आहेत. ते रबराचे तुकडे गेले कुठे? पाण्याच्या वाटेत अडकले असतील तर बाहेर धार दिसली तरी हेडच्या एखाद्या कोपऱ्यात पाणी पोहोचणार नाही आणि इंजिन पुन्हा तापेल.

वॉरंटी नाकारताना लिहिले आहे की धरण मायनसमध्ये (उपयुक्त साठा संपून मृत साठ्यावर) असताना इंजिन गाळात चालवले. साहेब, उजनी मायनसमध्ये गेली म्हणजे कोरडी पडली असे नव्हे, तिचा मृत साठाच ६३ टीएमसीच्या वर आहे. इंजिन तापले तिथे पाणी खोल होते. गाळ ओढला असता तर पंपाच्या घरावर आणि त्यातल्या पत्र्यावर ओरखडे दिसले असते. दोन्हींचे फोटो सोबत आहेत, गुळगुळीत आहेत. राहिली जलपर्णी. ती उजनीत आहे हे इंजिन विकताना आपल्या डीलरला ठाऊक होते. पाणी ओढायची जाळी मी रोज साफ करतो.

मे २०२४ मध्ये उजनीतच कुगाव ते कळाशी जाणारी बोट उलटून सहा जण गेले. ती घटना वादळाची होती, इंजिनाची नव्हे. पण वारा सुटला की काठ गाठायला इंजिनाचीच ताकद लागते, म्हणून या अवस्थेत मी बोटीत माणसे बसवणे बंद केले आहे. हंगाम त्यातच गेला.

माझी मागणी अशी : इंजिनाचे हेड माझ्यासमोर उघडावे, पाण्याच्या वाटा साफ कराव्यात, हेडची सपाटी मोजावी, बझर आणि तापमानाचा सेन्सर तपासावा, दोन्ही सिलिंडरच्या कॉम्प्रेशनचे आकडे जॉब कार्डवर लिहून द्यावेत आणि हा खर्च वॉरंटीत धरावा. घेतलेले बिल परत करावे. बझर न वाजल्याचे कारण लेखी हवे, कारण तो वाजला असता तर गॅस्केटपर्यंत वेळ आली नसती.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ‘व्यापारी वापर’ म्हणून हात झटकता येणार नाहीत, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यात मोडत नाही. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा दाखल करता येतो, त्यामुळे आपल्या मुख्य कार्यालयाच्या गावी मला यावे लागणार नाही.

इंजिन सध्या माझ्याकडे झाकून ठेवले आहे. माणूस पाठवण्याआधी फोन करावा आणि त्याने कॉम्प्रेशन गेज सोबत आणावे.

आपला,
एक बोटमालक
ता. करमाळा, जि. सोलापूर