मटणवाल्या मामांना, कुत्र्यांच्या वाट्याबद्दल

मामा, सप्रेम नमस्कार.

रविवारी तांबड्या-पांढऱ्यासाठी तुमच्या दुकानापुढं रांग लागते, तेव्हा आम्ही येत नाही. आम्ही येतो मंगळवारी दुपारी, झाकणाचे स्टीलचे डबे घेऊन, आणि मागतो ते दुसरं गिऱ्हाईक सहसा मागत नाही: तिल्ली, कातडीसकट कोंबडीच्या माना, सांध्यातून सोडवलेली हाडं. कोल्हापुरातल्या आम्हा कुत्रेवाल्या मंडळींच्या वतीनं हे पत्र. कुत्र्याला कच्च्या मांसावर आणायचे तक्ते मोबाईलवर शेकड्यानं मिळतात, पण ते ओंडक्यावर नीट उतरवून देणारा माणूस मिळायला नशीब लागतं. आम्हाला तुम्ही मिळालात.

पहिले आभार वजनकाट्याचे. पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला रोज त्याच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के खाणं लागतं. वीस किलोच्या कुत्र्याचे अडीच टक्क्यांनी पाचशे ग्रॅम, म्हणजे आठवड्याला साडेतीन किलो. त्यात ऐंशी टक्के मांस, दहा टक्के खाता येणारं हाड, पाच टक्के कलेजी आणि पाच टक्के गुर्दा किंवा तिल्ली. दिल आणि पेटा (कोंबडीचा गिझर्ड) दिसायला आतले अवयव असले तरी हिशेबात ते मांसातच धरायचे. हे तुम्ही एकदा ऐकलंत आणि तेव्हापासून आठवड्याची पिशवी अशी बांधता: कातडीसकट माना एक किलो, बोनलेस मांडी एक किलो, बकऱ्याचा खिमा आठशे ग्रॅम, दिल आणि पेटा मिळून साडेतीनशे, कलेजी पावणेदोनशे, गुर्दा-तिल्ली पावणेदोनशे. एकेका गिऱ्हाइकासाठी पावणेदोनशे ग्रॅम कलेजी वेगळी तोलून वेगळ्या पिशवीत घालणं हे गर्दीच्या धंद्यात सोपं काम नाही. पण कलेजीत अ जीवनसत्त्व इतकं असतं की रोज मूठभर दिली तर ते अंगात साठून त्रास देतं, आणि त्याआधीच कुत्र्याचं पोट काळपट पातळ होऊन वाहू लागतं. म्हणून तो काटा आम्हाला महत्त्वाचा.

मानांच्या कातडीचंही तसंच. आपल्याकडं कोंबडी सोलूनच विकतात. परदेशी तक्त्यात मानेत हाड ३६ टक्के लिहिलेलं असतं ते कातडीसकट मानेचं. कातडी काढली की त्याच मानेत हाडाचा वाटा ७५ टक्क्यांवर जातो. तक्ता पाहून एक किलो सोललेल्या माना घातल्या तर हाड दुपटीनं जातं. मग शी पांढरी, खडूसारखी कोरडी पडते, कुत्रा कुंथत बसतो आणि मालक म्हणतो की कच्चं सोसत नाही. चूक खाण्याची नसते, सोललेल्या मानेची असते. तुमच्या धाकट्या भावाच्या चिकनच्या गाळ्यातून तुम्ही आमच्यासाठी माना न सोलता काढून ठेवायला लावल्यात, तेव्हा ही तक्रारच मिटली. (ज्यांना सोललेल्याच माना मिळतात त्यांनी किलोऐवजी साडेचारशे-पाचशे ग्रॅम घ्याव्यात आणि उरलेलं बोनलेस मांसानं भरावं.)

आता सत्तुराबद्दल. रस्स्यासाठी मटण तोडताना हाडावर सत्तूर पडतो आणि कडेला सुईसारख्या कपच्या निघतात. माणूस त्या ताटात बाजूला काढतो, कुत्रा गिळतो. तुम्ही आमच्या हाडांना सत्तूर लावत नाही. सुरीचं टोक सांध्यात घालता, मनगट जरा वळवता, पांढरी शीर तुटल्याचा बारीक आवाज होतो आणि हाड अख्खं सुटतं. नळी मागायला आलेल्या नव्या मंडळींना तुम्ही परतही पाठवता. बकऱ्याची पायाची नळी वजन पेलणारं हाड आहे, ती चावताना वरच्या मोठ्या दाढेचा पापुद्रा उडतो, आणि मग दात काढण्याचा खर्च वर्षाच्या मटणापेक्षा जास्त होतो. बरगडीचं मऊ टोक, मान आणि शेपटाकडचे मणके हे चालतं. उकडलेलं हाड मात्र कुठलंच नको. शिजलं की ते ठिसूळ होऊन टोकदार तुटतं. जो कुत्रा न चावता गिळतो त्याला मानाही अख्ख्या देऊ नयेत, मशीनमधून हाडासकट बारीक करून घ्याव्यात. त्यासाठी तुम्ही मशीन आधी धुऊन घेता हेही पाहिलंय.

सगळ्यात मोठे आभार कलेजीवर फिरणाऱ्या तुमच्या अंगठ्याचे. कलेजी ओंडक्यावर पसरून तुम्ही ती दाबत जाता, संशय आला तिथं काप देता, आणि पाण्यानं भरलेला पांढुरका फोड दिसला की अख्खा तुकडा बाजूला टाकता. बकऱ्या-मेंढ्यांच्या कलेजीत आणि फुफ्फुसात येणारे हे हायडॅटिडचे फोड कुत्र्यानं कच्चे खाल्ले तर त्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी वाढतो, त्याची अंडी शीतून बाहेर पडतात, आणि ती हातावाटे घरातल्या पोराच्या पोटात गेली की तसाच फोड माणसाच्या यकृतात होतो. असे तुकडे दुकानामागच्या भटक्या कुत्र्यांनाही न टाकता तुम्ही झाकणाच्या डब्यात भरून वेगळे पाठवता. मामा, हे काम दवाखान्यातल्या कामाइतकंच मोलाचं आहे. आमच्या बाजूनं आम्ही कुत्र्यांना प्राझिक्वांटेल असलेलं जंताचं औषध डॉक्टर सांगतील त्या अंतरानं देतो. पिल्लांना नेहमी देतात त्या नुसत्या पायरँटेलच्या औषधानं पट्टकृमी मरत नाही.

नरड्याचंही सांगायला हवं. मानेचं मांस देताना तुम्ही श्वासनळी आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या तांबूस गाठी काढून टाकता. ती थायरॉईड ग्रंथी. ती रोज खाण्यात आली तर कुत्र्याच्या रक्तात थायरॉईडचं प्रमाण चढतं, कुत्रा धापा टाकतो, खाऊनही वाळतो, आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. तसंच वजडीचं: चुन्याच्या पाण्यात घातलेली वजडी रस्स्यासाठी ठीक, कुत्र्यासाठी तुम्ही साध्या पाण्यातली वेगळी ठेवता.

तुमच्याकडं पहिल्यांदा येणाऱ्याला तुम्ही आधी विचारता, "आत्तापर्यंत काय घालत होता?" बहुतेकांचं उत्तर दूध-भात किंवा चिकन-भात. त्याला तुम्ही एका दमात सगळं देत नाही, हे फार बरं करता. पहिले तीन दिवस चौथाई कच्चं, पुढचे तीन दिवस निम्मं, पुढचे तीन पाऊण, दहाव्या दिवशी पूर्ण. तोवर मांस एकाच जनावराचं, शक्यतो कोंबडीचं, चरबी काढून. हाड पाचव्या-सहाव्या दिवसापासून थोडं. कलेजी तिसऱ्या आठवड्यात, तीही नखाएवढ्या तुकड्यापासून. बकरा चौथ्या आठवड्यात. पहिल्या आठवड्यात शीवर थोडी शेंबडासारखी चिकट लाळ दिसली तर घाबरू नये. पण एक दिवसाच्या वर पाण्यासारखी शी, रक्त, सारखी उलटी किंवा सुस्ती दिसली तर सरळ डॉक्टरकडं. ज्या कुत्र्याला आधी स्वादुपिंडाचा त्रास झालाय त्याला आणि मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाला हा तक्ता लावूच नये. पिल्लाच्या हाडांना कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण फार काटेकोर लागतं.

एक गोष्ट आम्ही सगळ्यांना स्पष्ट सांगतो. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या मोठ्या संघटनेनं, एव्हीएमएनं, २०१२ मध्येच कच्च्या मांसाविरुद्ध सल्ला दिला, आणि त्यांचं कारण खरं आहे: साल्मोनेला, म्हणजे पोट बिघडवणारा जीवाणू. फ्रीजरमध्ये बरेचसे जंत मरतात, साल्मोनेला मरत नाही. कुत्र्याला बहुधा काही होत नाही, पण त्याच्या शीतून साल्मोनेला बाहेर पडत राहतो. म्हणून घरात तान्हं बाळ, गरोदर बाई, केमोवरचा पेशंट किंवा फार म्हातारं माणूस असेल तर हेच मांस शिजवून द्यावं, हाडाविना, आणि कॅल्शियम डॉक्टरांना विचारून. इतरांनी मांस नळाखाली धुऊ नये, शिंतोडे ओट्याभर उडतात. पाचशे-पाचशे ग्रॅमची पाकिटं करून गोठवावीत, आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सोडावीत, ओट्यावर नाही. वीस मिनिटांत न संपलेलं उचलावं. भांडं स्टीलचं, साबणानं आणि गरम पाण्यानं धुतलेलं.

मांस-हाड-कलेजी एवढ्यानं सगळं भागत नाही, हेही तुम्ही ऐकून घेतलंत आणि मासळीवाल्या मावशींकडं आम्हाला पाठवलंत. आठवड्यातून दोनदा पन्नास ग्रॅम तारली, वाफवून, काटे काढून. कच्च्या तारलीत थायमिनेज असू शकतं, ते ब-१ जीवनसत्त्व मोडतं, वाफेनं ते निष्प्रभ होतं. जस्त, मँगनीज, ई जीवनसत्त्व आणि आयोडिन या चौघांची उणीव उरतेच. कोकणातून येणारे शिणाणे (एक प्रकारचे शिंपले) मिळाले तर मँगनीज भरून निघतं, बाकी डॉक्टरांकडून. परदेशी तक्ते बीफवर बेतलेले असतात. २०१५ पासून आपल्याकडं बैलाचंही बंद आहे, त्यामुळं ते जसेच्या तसे चालत नाहीत आणि कोंबडी-बकऱ्यावरच हिशेब नव्यानं बसवावा लागतो. तो बसवताना कुठल्या तुकड्यात किती चरबी, हे तुमच्याइतकं नेमकं आम्हाला कुणी सांगितलं नाही.

श्रावण जवळ आलाय. विक्री मंदावते, बकरी कमी कापली जातात आणि तिल्ली-गुर्दा मिळणं अवघड होतं हे माहीत आहे. आषाढाच्या शेवटच्या मंगळवारी आम्ही दहा दिवसांचा माल एकदम उचलू. प्रत्येकाच्या कुत्र्याचं वजन आणि पिशवीचा हिशेब लिहिलेला कागद सोबत जोडलाय. त्यात कुणाचं कुत्रं बारीक झालं, कुणाचं सुटलं, ते दर महिन्याला आम्ही बदलून आणू.

तुमच्या दुकानी मंगळवारी येणारी मंडळी