लिफ्ट किट बसवल्यावर गाडी एका बाजूला कलल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

तुमच्या बेळगावच्या वर्कशॉपमध्ये मी माझ्या फोर बाय फोरला गाडी दोन इंच उचलणारं लिफ्ट किट बसवून घेतलं. टायरही तिथेच, त्याच दिवशी बदलले. तेव्हापासून गाडी पुढच्या बाजूला उजवीकडे कललेली आहे. फोनवर तक्रार केली तर उत्तर मिळालं, "गाडी आधीपासूनच तशी असेल, आधीची मापं आमच्याकडे नाहीत."

तुमच्याकडे नाहीत, माझ्याकडे आहेत.

गाडी तुमच्याकडे आणायच्या आदल्या संध्याकाळी मी घरी मोजली होती. गोठ्यासमोरच्या कोब्याला पाणी जायला ढाळ आहे, म्हणून गवंड्याची पाण्याची नळी लावून आडवी लेव्हल कुठे मिळते ते पाहिलं आणि तिथे चाकांच्या खुणा खडूने केल्या. चारही चाकांत हवा ३२, डिझेल अर्धी टाकी, गाडीत सामान नाही, माणूस नाही. पुढून-मागून दाबून गाडी झुलवली, थोडी मागे-पुढे ढकलली, मग मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडून चाकाच्या हबच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर घेतलं. पुढे डावीकडे ४९८ मिलिमीटर, उजवीकडे ४९३. फरक पाचचा.

किट बसल्यावर त्याच खुणांवर, तेवढ्याच हवेत पुन्हा मोजलं. डावीकडे ५५६, उजवीकडे ५३५. म्हणजे एक बाजू ५८ उचलली, दुसरी ४२. फरक पाचाचा एकवीस झाला. मागे दोन्हीकडे पन्नासच्या आसपास आहे, तिथे तक्रार नाही.

तुमच्या मिस्त्रीने मात्र गाडी देताना फक्त डावी बाजू, तीही जमिनीपासून मोजली आणि मी सांगितलेल्या जुन्या मापापेक्षा ७७ मिलिमीटर जास्त आले म्हणून खूश झाला. दोनाचे पैसे घेऊन तीन इंच दिले म्हणे! अहो, २३५/७० आर १६ काढून २४५/७५ आर १६ टायर घातले की व्यास कागदावरच साडेअडतीस मिलिमीटरने वाढतो. त्यातला निम्मा, म्हणजे १९, टायरनेच दिला. ७७ मधून १९ गेले की माझे ५८ उरतात. जमिनीपासूनचं माप टायर आणि हवेबरोबर बदलतं, म्हणून तर हबपासून मोजायचं.

कलल्याचं दाखवलं तेव्हा मिस्त्री म्हणाला, "सरी आक्कैती (होईल ठीक) साहेब, स्प्रिंग बसू द्या." बसू दिल्या. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट धरून आठशे किलोमीटर झाले. दोन्ही बाजू दोन-दोन मिलिमीटर बसल्या, फरक तिथेच.

मला दोन शंका आहेत. पहिली, पुढच्या स्प्रिंगांची अदलाबदल झाली असावी. पुष्कळ किटांत ड्रायव्हरच्या बाजूची स्प्रिंग वेगळी असते आणि तशी खूण असते. दुसरी मी डोळ्यांनी पाहिली आहे: चाक धरणाऱ्या खालच्या आर्मचे बोल्ट गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असतानाच पक्के आवळले. तसं केलं की गाडी खाली येताच आर्मच्या सांध्यातल्या बुशाच्या रबराला पीळ बसतो. ते बोल्ट गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना आवळायचे असतात. चाकांची अलाइनमेंटही केलेली नाही, आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

तरी स्प्रिंगांच्या खुणा माझ्यासमोर तपासाव्यात, चुकल्या असतील तर बदलाव्यात. बोल्ट सैल करून गाडी जमिनीवर असताना पुन्हा आवळावेत. अलाइनमेंट आणि हेडलाइट विनामूल्य करून द्यावेत, आणि चारही चाकांची मापं सही करून कागदावर द्यावीत. पंधरा दिवसांत हे झालं नाही तर किटचे पैसे परत हवेत, नाहीतर बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. बिलाची प्रत आणि टेप लावून काढलेले फोटो जोडले आहेत.

शनिवारी बाजाराला मी बेळगावात येतोच, त्या दिवशी सकाळी गाडी आणू शकतो. टेप आणि ओळंबा माझा मी आणीन.

आपला ग्राहक,
तालुका खानापूर, जि. बेळगाव