पट्ट्याची लांबी कुत्र्याने ठरवायची का?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कुत्री फिरवायला बागेत आणि जॉगिंग ट्रॅकवर सरसकट बंदी घाला, अशी मागणी करणारं एका वाचकाचं पत्र मध्यंतरी आपल्या अंकात आलं होतं. त्यांचा राग मला कळतो. त्या रागात माझाही थोडा हात असेल, म्हणून हे पत्र.

मी निगडी प्राधिकरणात राहतो. पस्तीस वर्षं टूलरूममध्ये फिटर होतो. आमची कुत्री गुंडी गावठी आहे, वजन साडेपंधरा किलो. पावसाळ्यात गाडीखाली सापडली आणि राहिली. मुलगा बंगळुरूला असतो. गेल्या वर्षी त्याने तो ऑटोमॅटिक पट्टा ऑनलाइन मागवून पाठवला. प्लॅस्टिकची मूठ, आत गुंडाळलेली पाच मीटर दोरी. कुत्रं पुढे गेलं की दोरी आपोआप सुटते, जवळ आलं की आपोआप आत जाते, अंगठ्याने बटण दाबलं की थांबते. पहिले चार दिवस मीच जास्त खूश होतो. पुढचे दोन महिने गुंडीला मी फिरवत होतो की ती मला, हे शेजाऱ्यांना विचारा.

मग तो दिवस आला. सकाळचे पावणेसहा, आमच्या गल्लीतले दोन दिवे बंद. मी फूटपाथच्या या कडेला, गुंडी रस्त्यापलीकडच्या बदामाच्या झाडाशी हुंगत उभी. मध्ये सगळा रस्ता अडवून ताणलेली काळी दोरी, जाडी बुटाच्या नाडीएवढी. आमच्याकडे पेपर टाकणारा मुलगा सायकलवरून आला. त्याला मी दिसलो, कुत्रं दिसलं, दोरी कशी दिसणार? हँडलला दोरी अडकली आणि तो आडवा झाला. गुंडी बिथरून पळाली, दोरी सुटत गेली, आणि मी मूर्खासारखी ती दुसऱ्या हाताने धरली. बोटांवर भाजल्यासारखे दोन चट्टे उठले, ते महिनाभर होते. तेवढ्यात मूठ हातातून निसटली. आता ती मूठ खडखडत गुंडीच्या मागे धावायला लागली. कुत्र्याला वाटतं आपल्यामागे कोणीतरी लागलंय. ते जितकं पळतं तितकी ती पाठलाग करते. भक्ती-शक्ती चौकाच्या दिशेने गेलेली गुंडी अर्ध्या तासाने एका टपरीमागे सापडली, थरथरत. पोराचं कोपर सोलवटलं होतं. पण उठल्यावर त्याने आधी पेपर गोळा केले, मग कोपर पाहिलं. आपलाच अंक होता तो.

घरी येऊन मी ती मूठ उघडली. फिटरची सवय, दुसरं काय! आत काय असतं? स्टीलच्या मेजर टेपमध्ये असते तशी चपटी स्प्रिंग, तिच्यावर फिरणारं प्लॅस्टिकचं रीळ, रिळाच्या कडेला दाते आणि बटण दाबल्यावर त्या दात्यांत अडकणारी एक खिटी. (अशा खिटीला आमच्या धंद्यात पॉल म्हणतात, डॉगही म्हणतात. हसू आलं, पण खोटं नाही.) माझ्या पट्ट्यातले तीन दाते झिजून गोल झाले होते. म्हणजे मी बटण दाबलं असतं तरी दोरी घसरलीच असती. टेपमध्ये ही रचना उत्तम, कारण टेप पळत नाही.

खरी गोम दात्यांच्या पलीकडे आहे. एक तर ही स्प्रिंग दोरी कायम ताणलेली ठेवते. कुत्रं शिकतं काय, तर ओढलं की पुढे जाता येतं. आपण रोज दोन वेळा त्याला ओढायची शिकवणी देतो आणि मग म्हणतो, फार ओढतो हो आमचा. दुसरं, स्प्रिंग फक्त सैल दोरी गुंडाळते, कुत्र्याला मागे आणत नाही. पाच मीटरवरच्या कुत्र्याला जवळ आणायचं तर हात मागे खेचा, बटण सोडा, दोन पावलं पुढे जा, पुन्हा दाबा, पुन्हा खेचा, गळाला लागलेला मासा आणावा तसं. ताशी तीस किलोमीटरने येणारी स्कूटर सेकंदाला आठ मीटर कापते. तिच्यापुढे ही मासेमारी किती वेळ चालणार? तिसरं, पाच मीटर पळून वेग घेतलेलं कुत्रं दोरीच्या टोकाला पोचतं तेव्हा बसणारा हिसका त्याच्या मानेला आणि आपल्या खांद्याला बसतो. दीड मीटरच्या पट्ट्यावर त्याला वेग घ्यायला जागाच मिळत नाही.

आमच्या भागात भटक्या कुत्र्यांच्या हद्दी ठरलेल्या आहेत. एका टोळीची हद्द संपते तिथे दुसरीची सुरू होते. अशा वेळी गुंडी माझ्या गुडघ्याशी हवी आणि पट्टा थोडा सैल हवा. पट्टा ताणला की कुत्रं जास्त चेकाळतं. ऑटोमॅटिक पट्ट्यात बटण दाबून दोरी अडकवल्याशिवाय सैल ही अवस्थाच नाही.

आता माझ्याकडे काय आहे ते सांगतो. बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून इंचभर रुंद नायलॉनच्या नवारीचा दीड मीटरचा पट्टा शिवून घेतला, टोकाला पितळी कडी, एकशे वीस रुपये. लोखंडी कडी पावसाळ्यात गंजून अडकते. चामड्याचा पट्टा हाताला छान, पण आपल्या पावसात त्याला बुरशी धरते. जाड साखळी ही नुसती ऐट. कुत्र्याच्या मानेला भार आणि धरणाऱ्याच्या हाताला जाच. गुंडीला पहिला आठवडा राग होता. मग मी तिला प्रत्येक खांबापाशी हवं तेवढं हुंगू द्यायला लागलो. वेळ जास्त जातो, अंतर कमी होतं. ती घरी येऊन झोपते, पूर्वी ती येऊन सोफा कुरतडायची.

आणि मोकळं पळायचं असेल तेव्हा? रविवारी पहाटे आम्ही दुर्गा टेकडीकडे जातो. तिथे बाजूला कोणी नसेल तर दहा मीटरची साधी नवार, गळ्याला न लावता अंगावरच्या हार्नेसला लावतो. ती जमिनीवर लोळते, मळते, हाताने गुंडाळावी लागते. पण किती सोडायची ते मी ठरवतो. ऑटोमॅटिक पट्टा सर्वस्वी टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या इमारतीतल्या एका काकूंचा तेरा वर्षांचा पॉमेरेनियन सोसायटीच्या मैदानात त्याच्यावर मजेत फिरतो. त्यांचा पट्टा दोरीऐवजी रुंद फितीचा आहे, तो दिसतो आणि कापत नाही. मैदान वेगळं, रस्ता वेगळा.

कायद्याचं म्हणाल तर तो दोन्हीकडून बोलतो. पाळीव प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका होऊ नये याची काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि प्राण्याला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने तासन् तास बांधून ठेवणं हा 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे बाल्कनीत दिवसभर बांधायचं आणि संध्याकाळी भर रस्त्यात पाच मीटर सोडायचं, हे दोन्ही बाजूंनी चुकलं.

म्हणून बंदीची मागणी करणाऱ्या त्या वाचकांना आणि उद्यान विभागाला माझी विनंती: बंदीऐवजी फाटकावर एक पाटी लावा, ‘पट्टा दोन मीटरपेक्षा लांब नको’. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या वाहतूक नियमावलीत, 56व्या नियमात मीटरचा आकडा नाही, पण सांगणं हेच आहे: फूटपाथवर, रस्त्यावर आणि सायकलवाल्यांच्या सामाईक वाटेवर कुत्रा आखूड पट्ट्यावर ठेवा. तिथेही बागा आहेत आणि कुत्रीही आहेत.

ज्यांनी ऑटोमॅटिक पट्टा घेतलाच आहे त्यांनी घरातून निघतानाच दीड मीटर दोरी बाहेर काढून लॉक करावी. आणि त्याआधी एकदा दाराच्या कडीला अडकवून जोरात ओढून पाहावी. घसरली तर मूठ फेकून द्या. उघडायच्या फंदात पडू नका, ती स्प्रिंग उसळून माझ्या चष्म्यावर आली होती.

आपला,
एक निवृत्त फिटर,
निगडी प्राधिकरण, पुणे