प्लॉटच्या जाहिरातीत गट नंबर छापा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधी आपल्या दैनिकात प्लॉट आणि फ्लॅटच्या जाहिरातींची नुसती रेलचेल असते. अर्धं पान, कधी अख्खं पान. दुतर्फा हिरवीगार झाडं असतात (वैशाखात ती खान्देशात कुठे सापडली, ते छापणाऱ्यालाच ठाऊक). ‘रोडटच’, ‘शंभर टक्के क्लिअर टायटल’, ‘आखाजीपर्यंत बुकिंग करा, खरेदीखर्च मोफत’ वगैरे असतं. पानाच्या तळाशी बारीक टाइपात आपली सूचना असते, की वाचकांनी खात्री करूनच व्यवहार करावा. त्याच अंकात आतल्या पानावर वकिलांच्या जाहीर नोटिसा असतात. त्या दोन इंची चौकटीत मौजे, तालुका, गट नंबर, हेक्टर-आरमध्ये क्षेत्र, रुपये-पैशांत आकार (शेतसारा), चतुःसीमा, मालकांची नावं, सगळं असतं. म्हणजे जमीन जिथे विकली जाते त्या पानावर जमिनीचा ठावठिकाणा नाही, आणि ज्या पानाकडे कुणी ढुंकून बघत नाही तिथे तो चतुःसीमेसकट. माझी तक्रार एवढीच आहे. खात्री करा म्हणता, तर खात्री ज्यावरून करायची तो नंबर तरी छापा.

मी तलाठी म्हणून नोकरीला लागले आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी अमळनेर, पारोळा, चोपडा या भागात झाली. यंदा माझ्या भाच्याने अशाच एका जाहिरातीचा फोटो मला पाठवला. तो नोकरीला पुण्यात, पण घर गावाकडे हवं म्हणतो. मी जाहिरातीतल्या नंबरवर फोन केला आणि गट नंबर विचारला. पलीकडचा मुलगा गोड बोलणारा होता. “ताई, गट नंबर काय करना शे तुमले? लोकेशन धाडस ना.” (पाठवतो ना.) लोकेशन लगेच आलं, पाठोपाठ ड्रोनने काढलेला व्हिडिओ आला, सभासदांच्या सहलीचे फोटोही आले. गट नंबर नाही आला.

आता गट नंबर काय करायचा ते सांगते, कारण भाच्यासारख्या शिकलेल्या मुलांनाही वाटतं की सातबारावर विकणाऱ्याचं नाव दिसलं की झालं. नाव हे सातबारावरचं सगळ्यात कमी उपयोगाचं अक्षर. खरं वाचन नावाच्या शेजारच्या फेरफार क्रमांकापासून सुरू होतं. हे नाव इथे आलं कसं? खरेदीने, वारसाने, वाटणीने की कोर्टाच्या हुकुमाने? नावाला कंस केला असेल तर त्या माणसाचा हक्क तिथे संपलेला आहे. नावापुढे ‘ए.कु.म.’ असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेला आहे, एकटा मालक म्हणून नाही. त्याच्यामागे भाऊ, बहिणी, पुतणे असू शकतात. ‘अ.पा.क.’ असेल तर जमिनीत अज्ञान मुलाचा हिस्सा आहे आणि तो कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. ही अक्षरं जाहिरातीत मावणार नाहीत हे मला समजतं. गट नंबर मावतो. तो मिळाला की बाकीचं महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतं, आणि जुने फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मिळतात.

खान्देशात सगळ्यात जास्त व्यवहार अडकतात ते बहिणींवरून. बाप वारला की वारसाची वर्दी द्यायला भाऊ येतात. वंशावळ सांगताना मुलींची नावं गळतात, किंवा “त्यांनी हक्क सोडला आहे” असं तोंडी सांगतात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून मुलगी वारस आहेच. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत ती मुलाच्या बरोबरीची सहदायाद (जन्मापासूनची हिस्सेदार) झाली, आणि वडील तेव्हा हयात होते की नव्हते हा मुद्दाही सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात निकाली काढला. हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोड पत्र लागतं. साध्या कागदावरचा अंगठा किंवा तलाठ्यापुढचा जबाब कोर्टात टिकत नाही. हे मी नोकरीत असताना कितीदा सांगितलं असेल, आणि दर वेळी उत्तर एकच: “आमच्या बहिणी तशा नाहीत, मॅडम.”

नसतीलही. पण माझ्या माहितीत एका गावाच्या शिवारात असा गट आहे. नाव मी सांगणार नाही, लोक अजून कोर्टात आहेत. आखाजीला माहेरी आलेल्या बहिणीने झोक्यावरून खाली उतरून शेताकडे चक्कर मारली, तर शेतात चुन्याच्या रेघा आणि प्लॉट नंबरचे दगड. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. तिने दावा लावला, कोर्टाने जैसे थे ठेवायला सांगितलं. भावांनी पैसे घेऊन त्यातून ट्रॅक्टर घेतला होता, एका मुलीचं लग्नही उरकलं होतं. प्लॉटधारकांत एक एसटी कंडक्टर आहे, एक शिक्षक आहे, सुरतेला साड्यांच्या दुकानात राबणारी दोन कुटुंबं आहेत. त्यांचं ना घर उभं राहतंय, ना पैसे परत मिळताहेत. मला राग त्या बहिणीचा येत नाही. सौदा ठरवताना “विकणाऱ्याला बहिणी किती, आणि त्या कुठे दिल्यात?” एवढा प्रश्न गावात पारावर बसून विचारला असता तर पोलीस पाटलापासून दुकानदारापर्यंत कुणीही उत्तर दिलं असतं. लग्न ठरवताना आपण हेच तर करतो. सोयरीक जुळवायला चार गावं पालथी घालतो आणि जन्माची कमाई टाकताना लोकेशनवर भागवतो.

सातबाराचा ‘इतर हक्क’ हा रकाना तर वाचलाच पाहिजे. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा तिथे असतो. कुळाची नोंद, विहिरीत हिस्सा, पाटाची वाट, भूसंपादन, पुनर्वसनाचे शेरे तिथेच असतात. तापीकाठच्या गावांत प्रकल्पांमुळे हे शेरे बरेच दिसतात. भोगवटादार वर्ग-२ ची, म्हणजे सरकारी अटींवर दिलेली, जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. चोपडा, यावल, शिरपूर, साक्री, नवापूर, शहादा या पट्ट्यात आणखी एक गोष्ट बघावी लागते. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे पूर्वपरवानगीशिवाय बिगर-आदिवासीला ती घेता येत नाही. घेतली तर व्यवहार बेकायदेशीर ठरून जमीन मूळ मालकाकडे परत जाऊ शकते. जाण्यासारखीच आहे ती. त्या माणसाकडून ती कोणत्या भावात आणि कशी काढून घेतली जाते ते मी पाहिलेलं आहे.

मनमाड–इंदूर रेल्वेमार्गाला केंद्राने २०२४ मध्ये मंजुरी दिली. तो धुळे, शिरपूरवरून जाणार आहे. एका दलालाने मला सांगितलं, की आमच्या लेआउटपासून स्टेशन पायी अंतरावर. मी म्हटलं, रूळ लेआउटमधूनच जाणार नाहीत ना, ते भूसंपादन कार्यालयात विचारून सांगा. मग त्यांनी फोन केला नाही.

‘एनए’ म्हणजे बिनशेती. जाहिरातीत ‘एनए प्लॉट’ लिहितात आणि प्रत्यक्ष विचारलं तर ‘एनए प्रस्तावित’ निघतं. आदेशाचा क्रमांक आणि तारीख मागा. रेखांकन (लेआउट) तात्पुरतं मंजूर आहे की अंतिम, तेही विचारा. रस्ते, गटारी, खुली जागा प्रत्यक्ष जागेवर झाल्याशिवाय अंतिम मंजुरी मिळायला नको. ०.४ हेक्टरपेक्षा मोठ्या जमिनीच्या रेखांकनात १० टक्के खुली जागा सोडावी लागते. आमच्याकडे त्या जागेवर आधी ओटा होतो, मग मंदिर, मग मंदिराशेजारी तीन गाळे, आणि गाळ्यांचं भाडं कुणाच्या खिशात जातं ते कॉलनीतल्या कुणालाच सांगता येत नाही. म्हणून मंजूर नकाशा हातात घेऊन जागेवर उभं राहावं आणि नकाशातला १२ मीटरचा रस्ता पावलांनी मोजावा.

आदेशच नसेल तर मग ‘गुंठेवारी’. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून गुंठे विकले जातात. नोटरीने जमिनीची मालकी कधीच बदलत नाही, त्याला नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. तुकडेबंदीच्या १९४७ च्या कायद्यात अलीकडे सवलती आल्या आहेत आणि “आता सगळं नियमित होतंय” म्हणून दलालांना नवा उत्साह चढला आहे. आपला गट त्या सवलतीत बसतो का, हे तहसील कार्यालयातून लेखी घ्यावं, दलालाकडून तोंडी नको. आणखी एक बारीक गंमत. १ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि सातबारावरचा १ आर म्हणजे १,०७६. भाव गुंठ्याचा आणि माप आराचं, असंही चालतं.

लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज दुय्यम निबंधक कार्यालयाबद्दल आहे. तिथे फोटो निघाला, अंगठा लागला, दस्ताला नंबर पडला की सरकारने मालकीवर शिक्का मारला असं वाटतं. ते कार्यालय दस्त नोंदवतं. विकणाऱ्याला विकायचा हक्क होता की नाही, याची हमी ते देत नाही. म्हणून किमान ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट आपल्या वकिलाकडून घ्यावा. विकणारा सोबत वकील फुकट देत असेल तर तो वकील त्याचा असतो, आपला नाही.

कागद झाले, आता माती. तापीकाठची आपली काळी जमीन कापसाला आणि केळीला सोन्यासारखी, पण घराला अवघड. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून भिंत तिरकी चिरते. शेजारी आधी कुणी घर बांधलं असेल तर त्याच्या भिंती बघा, पाया किती खोल नेला आणि मुरूम कुठे लागला ते विचारा. प्लॉट मे महिन्यात तर बघाच, श्रावणातही बघा. सपाट वावरातला नाला ट्रॅक्टरने बुजवता येतो, पण पाणी त्याची वाट विसरत नाही. नदीकाठी असाल तर जलसंपदा विभागाची निळी आणि लाल पूररेषा नकाशावर बघून घ्या. पालिकेचं पाणी किती दिवसांआड येतं, हे नळाशी उभ्या असलेल्या बाईला विचारा, साइट ऑफिसात नको. पश्चिमेला तोंड असलेल्या खोलीत भुसावळ-जळगावचं ४५ अंशाचं ऊन काय करतं, ते दुपारी चारला जाऊन बघितल्याशिवाय कळणार नाही. दाखवायला नेतात ते सकाळी नऊला.

फ्लॅटवाल्यांचं थोडं सोपं आहे, कारण तिथे रेरा (स्थावर मालमत्ता नियमनाचा) कायदा आहे. करार नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, भाव कार्पेट क्षेत्रावर विचारावा, आणि ताब्यानंतर ५ वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बांधणाऱ्याची असते. भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर वास्तुशांतीची घाई करू नये.

आता आपल्याकडे वळते. ज्या प्रकल्पाला, मग तो फ्लॅटचा असो की प्लॉटचा, रेरा नोंदणी लागते त्याच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता असलाच पाहिजे, हे त्या कायद्याच्या कलम ११ मध्येच आहे, आणि महारेराने (राज्याच्या रेरा प्राधिकरणाने) ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही सक्तीचा केला. त्यामुळे ‘आम्हाला काय माहीत’ हे उत्तर आपल्या जाहिरात विभागाला देता येणार नाही. एका एकराचा लेआउटसुद्धा ४,००० चौरस मीटरच्या वर जातो. लहान प्रकल्पांना असलेली ५०० चौरस मीटरची सूट तिथे सांगू नये. रेरात न बसणाऱ्या जमिनीच्या जाहिरातीतही आपण स्वतःहून तीन गोष्टी मागाव्यात: मौजे आणि गट नंबर, बिनशेती आदेशाचा क्रमांक व तारीख, आणि जमीनमालकाचं नाव. एका ओळीत बसतात. जो द्यायला तयार नसेल त्याची जाहिरात परत करावी. आपलं उत्पन्न थोडं बुडेल, हे मी नाकारत नाही. पण आपल्या अंकावर भरवसा ठेवून इसार देणारा वाचकही आपलाच आहे, आणि तो फसल्याची बातमी छापायला आपलाच वार्ताहर जातो. तेव्हा मात्र बातमीत गट नंबर असतो.

जाहीर नोटिसांचा टाइप जरा मोठा केलात तर आणखी बरं. चष्मा लावूनही वाचवत नाही.

आपली वाचक,
निवृत्त मंडळ अधिकारी, अमळनेर, जि. जळगाव
(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे, छापू नये. भाच्याला अजून प्लॉट घ्यायचा आहे.)

ता. क. – आमच्या वडिलांच्या शेताच्या उताऱ्यावर भावाच्या जोडीला आम्हा बहिणींचीही नावं आहेत. भावाने स्वतः वर्दी देऊन लावली. गट विकायला निघाला तर गिऱ्हाइकाला सगळ्यांच्या दारी जाऊन सह्या घ्याव्या लागतील. चहा मिळेल, भाव कमी होणार नाही.