वहीतले पाचवे-सातवे नंबर

सांगली,
७ जुलै २०२५

प्रिय मिल्या,

परवा फोनवर 'एक गंमत सापडलीय' असं म्हणालो आणि तेवढ्यात तुझी मीटिंग आली. म्हटलं, पत्रच लिहू. फोनवर सांगून टाकण्याइतकी ती लहान नाही.

मर्दा, आपली वही सापडली! दोनशे पानी, वर तुझ्या अक्षरात 'गाणी. हात लावू नये.' पाऊस लागायच्या आत माळा आवरायला घेतला, तर जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात होती. कॅसेट मात्र गेल्या. २०१९च्या पुरात कपाटाचे खालचे दोन्ही खण पाण्यात होते. पाणी उतरल्यावर एक उघडून फीत ओढली तर हातात नुसता चिखल आला. सगळ्या पोत्यात भरून टाकून दिल्या, तुला तेव्हा सांगितलं नव्हतं. वही माळ्यावर होती म्हणून वाचली. म्हणजे गाणी बुडाली आणि त्यांचे नंबर तेवढे राहिले.

पानांचं तुला आठवत असेलच. डावीकडे 'टीव्ही', म्हणजे टीव्हीवाल्यांनी लावलेला गाण्यांचा क्रम, उजवीकडे 'आपण', म्हणजे आपला. दोन्हीकडे दहा-दहा नंबर, जमेल त्या रविवारी. नियम तुझेच. पहिला नियम, सिनेमातलं गाणं चालणार नाही. 'त्यांच्यासाठी टीव्हीवर सुपरहिट मुकाबला आहे, बाबा सेहगल आहे, आपण बाकीच्यांकडे बघू' असं तू म्हणायचास, जणू काही आपण अनाथाश्रम काढला होता. दुसरा नियम, एकदा पेनानं लिहिलेला नंबर खोडायचा नाही. तो मी पाळला, तू पाळला नाहीस. दोन पानांवर ब्लेडनं खरवडलेलं अजून दिसतं. एका पानावर नुसतंच 'एमटीव्ही गेला' लिहून काळी चौकट केलीय. ते १९९४ साल. स्टारवरून एमटीव्ही उठला आणि त्या जागी चॅनल व्ही आला. आठवड्याभरात आपण चॅनल व्हीचे झालो, पण सुतक नीट पाळलं होतं.

तर महिनाभर रोज जेवणानंतर एक पान काढतो आणि त्यावरची दहाच्या दहा गाणी फोनवर शोधून ऐकतो. काल एकादशी, सुट्टी, उपासाचं जड खाऊन पडलो होतो, सलग सात पानं ऐकली. आणि एक विचित्रच गोष्ट झाली. एक नंबरची गाणी मला ऐकवेनात. 'मेड इन इंडिया' घे. १९९५चा अख्खा पावसाळा आपण त्याच्यावर काढला, त्या लाकडी पेटीतून मिलिंद सोमण निघायचा तेव्हा तुझी ताई स्वयंपाकघरातून पळत यायची. आता लावलं, तर मला ताई दिसेना. दिसलं काय? भाच्याच्या लग्नातला डीजे, ऑफिसातलं गॅदरिंग आणि कुठल्याशा हॉटेलातला ऑर्केस्ट्रा. केकेच्या 'पल'चंही तेच. इतक्या निरोप समारंभांत ते वाजलंय की आपला निरोप त्यात कुठं गेला ते सापडतच नाही. गाजलेली गाणी सगळ्यांनी वापरून वापरून पार गुळगुळीत करून ठेवलीत, देवळाच्या पायरीसारखी.

पण सातव्या नंबरचं लाव. त्याला मधल्या काळात कुणी हातच लावलेला नाही. घडी मोडलेली नाही. सुनीता रावचं 'परी हूँ मैं' लावलं आणि पहिल्या ओळीला तुमच्या माडीवरचा तो शटरवाला टीव्ही, त्यावरचं क्रोशाचं झाकण, काकूंच्या भडंगाचा लसणाचा वास, सगळं एकदम अंगावर आलं. मी फोन बंद करून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो. हसू नकोस.

त्या गाण्यावरूनच एक शोध लागला, जो खरं तर आपल्याला तेव्हाच लागायला हवा होता. 'परी हूँ मैं' १९९१चं, संगीत लेस्ली लुईसचं. 'कलोनियल कझिन्स' १९९६चं, त्यात हरिहरनच्या शेजारी गिटार घेऊन बसलेला तोच. १९९७चा आशाबाई भोसल्यांचा 'जानम समझा करो' त्याचाच. १९९९चा केकेचा 'पल' अल्बमही त्याचाच. वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेला माणूस हा, आणि अख्ख्या वहीत त्याचं नाव एकदाही नाही! आपण मारे रसिक म्हणवायचो. कव्हरवर बारीक अक्षरात काय छापलंय ते कधी वाचलं नाही, बाईचा फोटो तेवढा बघितला. आणि ऐक, हा पी. एल. राज यांचा मुलगा. जुन्या हिंदी सिनेमांच्या श्रेयनामावलीत 'नृत्य' म्हणून ज्यांचं नाव यायचं, तेच.

कलोनियल कझिन्सचं पान काढलं तेव्हा तुझी आजी आठवली. 'कृष्णा नी बेगने बारो' लागलं होतं आणि आजी माळ ओढत दारात येऊन थांबली. कर्नाटकातल्या जमखंडीचं माहेर, तिच्यासाठी ते कानडी भजन म्हणजे घरचं गाणं. "अरे, हे तर व्यासरायांचं!" म्हणून ती खाली बसून गुणगुणायला लागली. मग लेस्लीनं मधेच इंग्रजी सुरू केलं, तर तिनं विचारलं, "याला कुणी बोलावलं होतं?" आपण ते गाणं दोन आठवडे एकवर ठेवलं, बहुधा आजीच्या धाकानं. पण त्याच कॅसेटमधलं 'सा नि ध प' आपण पाचवर ठेवलं होतं, आणि आता मला तेच जास्त आवडलं. उतरती सरगम, बास. पेटीवर वाजवायला जाऊन तू पट्टी मोडलीस ते हेच.

काही गाण्यांचे मात्र लाड करण्यात अर्थ नाही. श्वेता शेट्टीचं 'जॉनी जोकर' मी तेव्हा एकदम तीनवर चढवलं होतं. आता निम्मं ऐकून बंद केलं. लकी अलीचं 'सुनो' मात्र आपण नऊवर टाकलं, कारण सगळे 'ओ सनम'मागे लागले होते. तिथं आपलं चुकलं. माफी मागायला हवी.

आता मूळ मुद्दा. आशाबाई.

आपल्या सांगलीत जन्मलेली ही बाई, आणि वही लिहिताना आपल्याला पत्ता नव्हता की ती तिकडे इंग्लंडच्या गाजत्या गाण्यांच्या यादीतही ये-जा करतेय. मी आता शोधून काढलं. १९९१ मध्ये बॉय जॉर्ज या तिकडच्या गायकानं 'बाउ डाउन मिस्टर' केलं. हरे कृष्णाचा गजर, आणि त्यात मधेच आशाबाईंचा आवाज! तिकडे ते सत्ताविसाव्या नंबरपर्यंत गेलं. ऐक एकदा. जॉर्ज बिचारा भक्तिभावानं टाळ्या पिटत असतो आणि ही आली की क्षणात मैफल आपल्या नावावर करून घेते. १९९६ मध्ये बॅली सग्गूचं 'दिल चीज', आशाबाईंच्याच 'दिल चीज क्या है'वरून केलेलं, तिथं बाराव्या नंबरवर गेलं. हिंदी शब्दांचं गाणं, बर्मिंगहॅमच्या पोरानं केलेलं! आपण त्याला आठवा नंबर देऊन वर शेरा मारला होता: 'बरं आहे, पण लांबतं.'

आणि मग 'ब्रिमफुल ऑफ आशा'. लेस्टरच्या कॉर्नरशॉप या बँडचं, त्यातल्या टजिंदर सिंगनं लिहिलेलं. १९९७ मध्ये ते पहिल्यांदा आलं तेव्हा तिकडे साठावर अडकलं. मग नॉर्मन कुक नावाच्या डीजेनं वेग वाढवून, आवाज चढवून त्याचा रिमिक्स केला आणि १९९८च्या फेब्रुवारीत ते एकवर जाऊन बसलं. जगाला आठवतो तो रिमिक्स. आपण रात्री उशिरा ऐकायचो ते मूळ, संथ. गिटार अशी निवांत चालते, जणू दुपारी आयर्विन पुलावरून कुणी सायकल हातात धरून चाललंय. माझं मत तेव्हाही तेच होतं, आजही तेच आहे. रिमिक्स नाचायला, मूळ ऐकायला.

तर आता पान एकेचाळीस. उजवी बाजू. एक-दोन ठीक आहेत. तीन नंबरवर आपण दोन गाणी लिहिलीत, एकाखाली एक, मधे कंस: 'जानम समझा करो' आणि 'ब्रिमफुल ऑफ आशा (जुनं)'. एकीकडे चौसष्ट वर्षांच्या आशाबाई स्वतः, वीस वर्षांच्या मुलीसारख्या फिरक्या घेत गातायत. दुसरीकडे त्यांच्या नावानं सातासमुद्रापार कुणीतरी गातंय. शेजारी तुझ्या अक्षरात 'निकाल पुढच्या रविवारी'.

पुढचा रविवार आलाच नाही. तुला बेंगळुरूहून नोकरीचं पत्र आलं आणि त्या रविवारी आम्ही तुला स्टेशनवर सोडायला गेलो. त्यानंतर तीन पानं मी एकट्यानं भरली. डावीकडचे नंबर आणि उजवीकडचे नंबर तंतोतंत सारखे, कारण भांडायला कुणी नव्हतं. चौथ्या रविवारची नुसती तारीख आहे.

मी दोन्ही पुन्हा ऐकली आहेत, चार-चार वेळा. माझं मत ठरलंय, पण आधी सांगणार नाही. नाहीतर तू मुद्दाम उलटं बोलशील, तुला ओळखतो. तू दोन्ही ऐक, हेडफोन लावून, मीटिंग नसताना. मग कळव. पेन घेऊन बसलोय, आणि ब्लेड या घरात ठेवलेलं नाही.

ताईला नमस्कार सांग. पेटीवाल्या मिलिंद सोमणबद्दल मी काही लिहिलंय हे सांगू नकोस.

तुझा,
पक्या